पाय माणसाचे, डोकं पोराचं

मी शिशाचा एक ठेंगणा माणूस बोलतोय. उंची अडीच इंच. वय मात्र लगेच सांगणार नाही. तुम्ही ते का विचारताय, हे आधी मला कळू द्या. माझ्या वयावरून एकदा इतकं घडून गेलंय, की तो प्रश्न कानावर आला की मी सावध होतो.

तसा माझा स्वभावच संशयी. ज्या माणसामुळे मी असा घडलो त्याचाही तसाच, आणि त्याच्या संशयाला कारणं होती.

माझं शिसं नागपूरच्या महाल भागातलं, मनोहररावांच्या छापखान्यातलं. तिथे लग्नपत्रिका, सभांची पत्रकं, सोसायट्यांचे अहवाल छापले जात. शिशाचा एकेक खिळा म्हणजे एकेक अक्षर. ते हाताने जुळवून पान तयार व्हायचं. छापून छापून खिळे झिजले की ते कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात पडत. मी त्या डब्यातला. तेव्हा मी कोणतं अक्षर होतो ते आठवत नाही. मागचा जन्म स्वच्छ आठवतो असं कोणी सांगितलं तर माझा त्याच्यावर विश्वास बसत नाही.

खिळे जुळवायचं काम मधुसूदनकडे होतं. वय बेचाळीस, उंची साडेतीन फूट. जन्मापासून हाडंच तशी. खिळ्यांच्या खणांपुढे एका लाकडी खोक्यावर उभा राहून तो काम करायचा. वीस वर्षांत त्याच्या पानात वेलांटीची चूक सापडली नाही, असं मनोहरराव गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगत.

पण हाच माणूस रस्त्यावर आला की लोकांच्या लेखी पोर व्हायचा. बसचा कंडक्टर न विचारता अर्धं तिकीट फाडायचा. चपलांच्या दुकानात त्याच्यापुढे चालताना शिट्टी वाजणारे बूट यायचे. बायको जयवंता बरोबर असली, तर दुकानदार तिला विचारायचा की तुमच्या मुलाला काय दाखवू. जयवंता मौद्याकडची, अंगाने उंच. ती तशीच दुकानातून बाहेर पडायची. मधुसूदनही तिच्यामागे निघायचा. जवळपास कोणीही, कशालाही हसलं तरी ते आपल्यालाच, असं तो धरून चालायचा. बहुतेक वेळा त्याचं चुकतही नसे.

त्र्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर मनोहररावांच्या मुलाच्या नावाने अमेरिकेहून एक पार्सल आलं. मुलगा कृष्णकांत सव्वीस वर्षांचा, पाटबंधारे खात्यात नकाशे काढणारा. त्याच्या मामेभावाने एका खेळाचं जाडजूड पुस्तक आणि आठ बाजूंचे, वीस बाजूंचे असे चमत्कारिक फासे पाठवले होते. खेळात एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतला एकेक माणूस व्हायचं. त्या माणसासारखं बोलायचं, वागायचं. संकट आलं की काय होतं ते फाशाने ठरायचं.

छापखाना रविवारी बंद असे. दुपारी कृष्णकांत, बँकेत कारकून असलेला त्याचा मित्र वसंत आणि मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणारी चारुशीला असे तिघे तिथे जमायला लागले. छपाईची पानं आवळून बांधायचा गुळगुळीत दगड हाच त्यांचा पट. गोष्ट कृष्णकांत सांगायचा. पुस्तकात माणसांच्या निरनिराळ्या जाती होत्या, त्यातली एक बुटक्या लोकांची. डोंगर खोदून राहणारे, दोनशे वर्षं जगणारे. कृष्णकांतने त्यांना 'ठेंगणे' असं नाव दिलं. वसंतने ठेंगणा व्हायचं ठरवलं आणि त्याचं नाव ठेवलं गोटू.

गोटूला पटावर उभा करायला बाहुली हवी होती. चारुशीला चितारओळीतली, मूर्ती घडवणाऱ्यांच्या घरातली. तिने मेणाचा ठेंगणा केला, त्यावरून प्लॅस्टरचा साचा केला, आणि कृष्णकांतने झिजलेले खिळे सिगडीवर वितळवून त्यात ओतले. असा मी जन्मलो.

मी कसा होतो ते सांगतो. फुगलेले गाल, बशीएवढे डोळे, हातात गुळाचा खडा, अंगात झबल्यासारखा सदरा, डोक्यावर गोंड्याची टोपी आणि हनुवटीला दाढी. दाढी लावलेलं पोर, दुसरं काही नाही. वसंत मला पुढे सरकवायचा आणि बोबडं बोलायचा, "मला गूल द्या ना ले." तिघेही हसायचे. मीही सुरुवातीला खूश होतो. लोक आपल्याला पाहून हसतात म्हणजे आपण आवडतो, असं नवख्याला वाटतं.

मधुसूदन रविवारीही यायचा. शनिवारी छापून झालेल्या पानांचे खिळे ज्याच्या त्याच्या खणात परत टाकून ठेवले की सोमवारचं काम सोपं जायचं. आतल्या खोलीत खिळे पडण्याचा टिकटिक आवाज चालू असायचा. बाहेर वसंत बोबडं बोलला की तो आवाज थांबायचा. हे बाहेर कोणाच्या लक्षात आलं नाही.

एका सोमवारी सकाळी मधुसूदन सगळ्यांच्या आधी आला. मी दगडावर राहिलो होतो. त्याने मला उचलून खिडकीपाशी नेलं. चेहरा पाहिला. मग पाय पाहिले. माझे पाय बाहेरच्या बाजूला किंचित वाकलेले होते आणि उजवं पाऊल जरा तिरकं पडलेलं. मधुसूदनने मान खाली घालून स्वतःचे पाय पाहिले. मग त्याने मला शर्टाच्या खिशात टाकलं. आता सिगडी, असं मी धरून चाललो.

सिगडी नव्हती. संध्याकाळी त्याने मला सक्करदऱ्याच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरी नेलं आणि जयवंताच्या तळहातावर ठेवलं.

"हे कोनाचं पोर आनलं?" तिने विचारलं.

"पोर नाही. मी आहो."

"तुमाले कोनी सांगतलं?"

"सांगाले कायले पायजे? पाय पाह्य."

जयवंताने पाय पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. एकदा विचारून तर पाहा, असं ती म्हणाली. विचारलं की लोक खोटं बोलतात आणि वर आपल्यालाच संशयी ठरवतात, असं मधुसूदनचं म्हणणं पडलं. तिने वाद घातला नाही.

पुढचा आठवडा मी त्याच्या खिशात काढला. तिथून बरंच ऐकू येतं. कृष्णकांतने चहा विचारला, तर आजच का विचारला म्हणून मधुसूदनने तो घेतला नाही. वसंत गुरुवारी सहज डोकावून गेला, तर तो आपली चाल पाहायला आला असणार, म्हणून वसंत जाईपर्यंत मधुसूदन खोक्यावरून उतरला नाही. मनोहररावांनी कामाचं कौतुक केलं, त्यातही त्याला खोट दिसली. त्याचं काळीज माझ्या पाठीशीच धडधडायचं, आणि खरं सांगतो, मलाही त्याचंच बरोबर वाटायला लागलं.

बाहेर माझी शोधाशोध चालली होती. वसंतने मस्करी केली असेल असं कृष्णकांतला वाटत होतं. वसंतला वाटत होतं की चारुशीलाला काम पसंत पडलं नाही म्हणून तिनेच परत नेलं. मनोहररावांनी मात्र कोणालाही न विचारता ठरवून टाकलं, की झाडायला येणाऱ्या प्रयागबाईनेच नातवासाठी उचललं.

रविवारी सगळे असताना ते प्रयागबाईला म्हणाले, "पदर झटकून दाखव वं."

प्रयागबाईने झाडू खाली ठेवला. ती कंबरेला खोचलेला पदर सोडायला लागली.

आतल्या खोलीतून मधुसूदन बाहेर आला. "थांब, प्रयागबाई. मी नेला तो."

त्याने मला खिशातून काढून दगडावर ठेवलं. मनोहररावांनी विचारलं, काहून नेला. तिकडे त्याने लक्ष दिलं नाही. तो कृष्णकांतकडे पाहत म्हणाला, "हा कोन आहे?"

हा पुस्तकातला आहे, कल्पनेतला आहे, काका, तुमचा याच्याशी काही संबंध नाही, असं कृष्णकांत घाईघाईने सांगायला लागला.

"तुमाले नाही इचारलं, बाबू. ज्याईनं बनवला त्याईले इचारतो."

चारुशीला उभी राहिली. खोटं बोलणं तिला सोपं होतं. सगळे तिच्या बाजूचे होते. पण ती म्हणाली, "पाय तुमचे आहेत. तुम्ही आत काम करत होता तेव्हा दारातून पाहून दोनदा काढले. तुम्हाला विचारलं नाही."

"अन् डोकं?"

"डोकं माझ्या मनातलं."

"म्हंजे पोराचं," मधुसूदन म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "मी बेचाळीस वर्षाचा आहो. पाय माझे घेतले अन् वर पोराचं मुंडकं बसवलं. रस्त्यावर लोक रोज हेच करतात. तुमी ते शिशात करून ठेवलं."

मधुसूदन प्रयागबाईकडे वळला. मी केलेल्या चोरीचा आळ तुझ्यावर आला, माझं चुकलं, असं त्याने तिला सांगितलं. मग जेवणाचा डबा उचलून तो निघून गेला. प्रयागबाईही गेली. जाताना तिने मनोहररावांकडे पाहिलंसुद्धा नाही. अर्धा छापखाना तसाच न झाडलेला राहिला.

सोमवारी मधुसूदन आला नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. एका सोसायटीचा अहवाल अर्धवट जुळवून पडला होता. मनोहररावांनी आधी त्रागा केला, मग दुसरा माणूस पाहतो म्हणाले. ज्याला आपण रोज काका म्हणतो, तो आत असताना बाहेर बसून आपण कशाला हसत होतो, हे कृष्णकांतच्या आता ध्यानात आलं असावं. असावं म्हणतो, कारण त्याच्या मनात शिरून मी पाहिलेलं नाही.

बुधवारी शाळा सुटल्यावर चारुशीला मला रुमालात बांधून सक्करदऱ्याला गेली. मधुसूदनने दार अर्धंच उघडलं.

"काहून आल्या? मालकाचं काम अडलं म्हनून?"

आपण इकडे आलोय हे कोणालाही माहीत नाही, असं तिने सांगितलं. मग उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्याच रुमाल सोडला. "हा मी वितळवून टाकते. दुसरा करायचाय. तुम्ही समोर बसलात तरच करीन. नाही म्हणालात तर करणार नाही."

नवीन मूर्ती कुठे ठेवणार, कोणाकोणाला दाखवणार, फोटो काढणार काय, असे नाही नाही ते प्रश्न मधुसूदनने विचारले. शेवटी दार पूर्ण उघडलं. आतून जयवंता म्हणाली, बोलायचं ते त्यांच्याकडे पाहून बोला, माझ्याकडे नको. चारुशीलाचा चेहरा पडला, कारण ती खरंच जयवंताकडे पाहत होती.

त्याने तीन अटी घातल्या. मूर्ती आधी त्याला दाखवायची. बोबडं बोलणं बंद. आणि मनोहररावांनी प्रयागबाईच्या घरी जाऊन माफी मागायची. पहिल्या दोन लगेच मान्य झाल्या. तिसरीला चार दिवस लागले. मनोहरराव गेले तेव्हा प्रयागबाईने त्यांना दारातच उभं ठेवलं, असं पुढे ऐकलं. मग तीही कामावर आली आणि मधुसूदनही.

मला वितळवलं. ते कसं वाटतं ते सांगणार नाही, सगळंच सांगायला मी बांधलेला नाही.

चार संध्याकाळी मधुसूदन चारुशीलासमोर बसला. तिची बोटं मेणावर फिरायची आणि पुन्हा पुन्हा गाल गोल व्हायचे, डोळे मोठे व्हायचे. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बाळकृष्ण घडवले जात होते.

"तुमच्या बोटाले गोल गालाची सवय आहे," मधुसूदन म्हणाला. "डोकं मोठं राहू द्या, माझं आहेच मोठं. पन चेहरा राबलेला करा."

मग तिने चेहरा राबलेला केला. नाक पूर्ण वाढलेलं, जबडा रुंद, कपाळावर दोन आठ्या, केस मागे सरकलेले. दाढी तिने काढूनच टाकली. माणूस मोठा असेल तर दाढीवाचूनही मोठाच दिसला पाहिजे, असं ती म्हणाली, आणि मधुसूदनने पहिल्यांदा मान डोलावली. हात करताना त्याने आपली बोटं पुढे धरली. आखूड, पण सांधे जाड, अंगठ्याला घट्टा. मग उभं राहण्याचा प्रश्न आला. लहान मूल उभं असलं तरी पळायच्या बेतात असतं, मी कंबर सांभाळून उभा राहतो, असं म्हणत तो उभा राहून दाखवायला लागला. तिने ती कंबर घेतली. गोंड्याची टोपी गेली, झबल्यासारखा सदरा गेला. मोठ्या माणसाचे खांदे असलेला, बाह्या तेवढ्या आखूड केलेला शर्ट आला. तो मधुसूदनच्याच शर्टावरून बेतलेला होता. दोनशे वर्षं डोंगर खोदणारा माणूस हातात गूळ घेऊन फिरेल काय, असं त्याने विचारलं. गूळ गेला, छिन्नी आली.

याही वेळी शिसं तेच होतं, साचा नवा. मधुसूदनने मला खिडकीपाशी नेलं. पाय पाहिले, मग चेहरा, मग पुन्हा पाय. चारुशीला सिगडीपाशी उभी होती. माझा तर जीव टांगणीला लागला होता. पुन्हा सिगडी नको होती.

"हा मी नव्हे," तो म्हणाला. "पन मानूस आहे."

कृष्णकांतने त्याला खेळायला बोलावलं आणि ठेंगण्याची जागा देऊ केली. तो मी रोजच असतो, असं म्हणून मधुसूदनने ती नाकारली. त्याने सात फुटांचा एक शिपाई घेतला. मी वसंतकडेच राहिलो. फक्त गोटू हे नाव चालणार नव्हतं. वसंतने ते बदलून नानाजी केलं.

त्या दुपारी वसंतची फार फजिती झाली. बोबडं बोलायचं नाही म्हटल्यावर नानाजीच्या तोंडी काय घालावं हेच त्याला कळेना. मधुसूदन त्याला एकेक विचारत गेला. याची बायको आहे काय? सासुरवाडी कुठली? कोणत्या गोष्टीचा राग येतो? कशात हुशार आहे? वसंत कागदावर लिहीत गेला आणि मी ऐकत गेलो. माझं लग्न झालेलं आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मग गोष्टीत एका शहराचं दार आलं. दारावरचा रखवालदार कृष्णकांत. त्याने शिपायाकडे, म्हणजे मधुसूदनकडे, मान वर करून पाहिलं आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे लेकरू कोणाचं?"

कृष्णकांतने ते मुद्दाम विचारलं की ओघात बोलून गेला, याचा मला अजून संशय आहे. मधुसूदननेही त्याच्याकडे तशाच नजरेने पाहिलं. मग शिपायाच्या जाड आवाजात म्हणाला, "मले नका इचारू. तो उभा आहे ना समोर."

वसंतने आपल्या कागदावर एक नजर टाकली. मग बँकेत गिऱ्हाइकाशी बोलतो त्या साध्या, थोड्या कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "मी नानाजी. वय एकशे चौदा. बायको आजारी आहे, तिचं औषध आणायचंय. दार उघडा."

कोणी हसलं नाही. कृष्णकांतने फासा न टाकताच दार उघडलं.

मधुसूदन पुढे तीन वर्षं रविवारी खेळत राहिला. त्याचा संशय गेला असं समजू नका. दर वेळी खेळाआधी तो मला उचलून सगळीकडून तपासायचा, आपल्यामागे कोणी काही बदललं तर नाही ना म्हणून. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

सत्त्याऐंशी साली मनोहररावांनी खिळे न लागणारं ऑफसेटचं यंत्र घेतलं आणि सगळे खिळे पोत्यांत भरून विकले. मीही त्यात जाणार, असं मी मनाशी धरलं होतं. पण कृष्णकांतने मला वेगळं काढून मधुसूदनच्या हातात दिलं. थोड्याच दिवसांत कृष्णकांतची बदली झाली. वसंतचं लग्न झालं आणि त्याचे रविवार भरून गेले. चारुशीला कधीमधी येते. तिच्या वर्गातल्या मुलींना ती आता माणसाचं वय चेहऱ्यापेक्षा उभं राहण्यात शोधायला शिकवते, असं तिनेच सांगितलं. तिच्यावर माझा बऱ्यापैकी विश्वास आहे.

मधुसूदन आता घरीच मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची प्रुफं, तपासतो. पंखा चालू असला की कागद उडतात, म्हणून त्यांच्यावर तो मला उभा करतो. शिशाचा असल्यामुळे एवढं काम मला जमतं.

गेल्या महिन्यात एका प्रकाशकाचा नवा माणूस मुद्रितं न्यायला आला. जयवंता बाजारात गेली होती. दार मधुसूदनने उघडलं. तो माणूस खाली वाकला, हसला आणि म्हणाला, "घरी कोणी मोठं आहे का, बाळा?"

मी कागदांवरून सगळं पाहत होतो. मधुसूदन आता दार लावून घेणार, असं मला वाटलं. त्याने चष्मा डोळ्यावर चढवला.

"आहे," तो म्हणाला. "बसा."

त्याने खुर्ची पुढे सरकवली, स्वतः टेबलामागच्या आपल्या जागेवर जाऊन बसला आणि मला बाजूला ठेवून पहिलं पान काढलं. त्या माणसाचे कान लाल झाले होते. मधुसूदनने एकेक चूक त्याला समजावून सांगितली, सावकाश, शेवटच्या पानापर्यंत. तो माणूस 'हो साहेब, हो साहेब' करत राहिला.

ते 'साहेब' खरं होतं की भीतीचं, ते मी अजून ठरवलेलं नाही. पुढच्या खेपेला तो येईल तेव्हा पाहीन. तुम्हीही कधी सक्करदऱ्याला आलात आणि टेबलावर मी दिसलो, तर 'किती गोड' एवढं मात्र म्हणू नका. बाकी काय म्हणायचं ते म्हणा, मी ऐकून घेईन. आता मला कामावर उभं राहू द्या, त्याने पंखा लावलाय.